पोराकडून ५८-११ ने हरलोय, बास्केटबॉलचा गेम शून्यातून शिकायचाय

कोथरूडचा_बाबा | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी.

वय वर्षं ४७. याआधी हातात धरलेला शेवटचा गेम म्हणजे टीव्हीला लावायची ती पिवळी कॅसेट, जिच्यावर '९९९९ गेम' छापलेलं असायचं आणि आत निघायचे सहा. त्याला दोन बटणं होती. आता घरात पीएस-५ आहे, त्यावर एनबीए टूके २५ आहे आणि कंट्रोलरवरची बटणं मोजायला गेलो तर पंधराच्या पुढे नाद सोडला.

चिरंजीव नववीत. सहामाही संपली, दिवाळीची सुट्टी लागली. "बाबा, तू खेळ ना एकदा माझ्याशी," म्हणाला. मला वाटलं, बरं आहे, तेवढंच बोलणं होईल. सामना झाला, ५८-११. माझ्या अकरातले चार गुण फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर समोर कुणी नसताना मारायला मिळतात ते. तो हसला असता तरी चाललं असतं हो. त्याला माझी कीव आली. शेवटच्या क्वार्टरला मुद्दाम हळू खेळत होता, ते जास्त लागलं.

मला त्याला हरवायचं वगैरे नाहीये. (खोटं. हरवायचंय.) शाळा सुरू व्हायच्या आत निदान दहाच्या फरकाने हरायचंय. अडचणी अशा:

माझ्याकडे चेंडू आला की तीन सेकंदांत जातो. शॉट मारला तर रिंगलाही लागत नाही, आणि हे लांबून शॉट मारण्यात पटाईत असलेला स्टेफन करी घेऊन! बचाव म्हणजे नक्की काय दाबायचं ते कळत नाही, म्हणून मी सगळंच दाबतो. शिवाय माझा खेळाडू अधूनमधून स्वतःच्या मनाने डावीकडे चालायला लागतो.

सुरुवात कुठून करू?

सदाशिव_पेठेतला | शनिवार, रात्री ११:२४

खरा चेंडू घ्या, मैदानावर जा. व्यायाम होईल, वीज वाचेल.
(हलके घ्या)

कोथरूडचा_बाबा | शनिवार, रात्री ११:२७

डावा गुडघा. एमआरआय धाग्यावर टाकू का?

हिंजवडी_फेज_थ्री | रविवार, रात्री १२:४०

काका, गेमकडे नंतर येऊ, आधी सामान तपासू. दोन प्रश्न.

एक, शॉट मारल्यावर पडद्यावर 'अर्ली', 'लेट' असं काहीतरी उमटतं. तुमचं काय येतं?

दोन, कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. खेळाडू तरीही चालतोय का?

कोथरूडचा_बाबा | रविवार, सकाळी ९:०५

काका नको रे, बाबा म्हण.

१. कायम 'व्हेरी लेट'. बायको गेली एकोणीस वर्षं हेच सांगतेय, पण ते वेगळ्या संदर्भात.
२. हो! कंट्रोलर टेबलावर, मी चहा घेतोय आणि हा पठ्ठ्या चालत चालत थेट साइडलाइनपाशी जाऊन उभा. दुसरा कंट्रोलर सेकंड हँड घेतला होता. घेताना देणारा म्हणाला, "एकदम नवा आहे, मुलगा बारावीत गेला म्हणून काढतोय."

हिंजवडी_फेज_थ्री | रविवार, सकाळी १०:१५

मग अर्धे गुण तिथेच गेलेत, बाबा.

चालणाऱ्या खेळाडूला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या खाली दोन बारके पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. आतली कार्बनची पट्टी घासून घासून झिजली की स्टिक मधोमध असूनही तो 'डावीकडे' असा निरोप पाठवत राहतो. धूळ असेल तर साफ करून भागतं, झिजली असेल तर भाग बदलायचा. बुधवार पेठेत जा. जुना भाग सोल्डरिंग करून काढतात, नवा बसवतात. तोवर तो कंट्रोलर पोराला द्या, तेवढाच हँडिकॅप.

'व्हेरी लेट' हा बहुतेक टीव्हीचा दोष. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'व्हिव्हिड' असेल तर टीव्ही प्रत्येक चित्र गुळगुळीत करत बसतो आणि त्यात अंमळ उशीर होतो. सिरियल बघताना फरक पडत नाही, इथे पडतो. शॉटचं गणित असं आहे की चौकोनाचं बटण दाबून धरायचं आणि खेळाडू उडीच्या टोकाशी आला की सोडायचं. पडद्यावर टोक दिसेपर्यंत गेमच्या हिशोबात तो खाली यायला लागलेला असतो. टीव्हीत 'गेम मोड' सुरू करा.

आणि करी सोडा. त्याचा शॉट इतका झटपट सुटतो की नवख्याला पकडता येत नाही. गेममध्ये प्रत्येक खेळाडूची शॉट मारायची ढब वेगळी बनवलीय. एकच माणूस धरा, सरावाच्या भागात जाऊन त्याच्याकडून शंभर शॉट मारून घ्या. त्याचा हात ओळखीचा झाला की मग सामना.

चकलीचा_घाणा | रविवार, दुपारी १:५०

वाचतेय. घरोघरी मातीच्या चुली आणि त्यावर पीएस-५.

एक सांगू का, पैशाचं बघा. यात व्हीसी नावाचं चलन असतं, खरे पैसे देऊन विकत मिळतं. माझ्या भाच्याने आत्याचं कार्ड सेव्ह असलेलं पाहून (आत्या म्हणजे मीच) खेळाडूला नवे बूट आणि काय काय घेतलं. मला बँकेच्या मेसेजवरून कळलं, आणि तेव्हा मी मंडईत मेथी निवडत होते.

हिंजवडी_फेज_थ्री | रविवार, दुपारी २:१०

+१. कार्ड सेव्ह करूच नका. तुम्हाला जो सामना खेळायचाय तो 'प्ले नाऊ' मध्ये, तिथे व्हीसीची गरज पडत नाही. मायकरिअर, मायटीम वगैरे भागांकडे सध्या फिरकू नका. नवी आवृत्ती दर सप्टेंबरात येते आणि जुनीचे ऑनलाइन सर्व्हर दोनेक वर्षांनी बंद होतात, टूके २३ चे २०२४ च्या ३१ डिसेंबरला झाले. पैसे ओतून उभी केलेली टीम त्यांच्याबरोबर जाते. घरात दोघांनी बसून खेळायचा सामना मात्र कुठे जात नाही.

जुनी_पॉइंट_गार्ड | रविवार, संध्याकाळी ५:३५

मला या गेममधलं ओ की ठो कळत नाही, नातू खेळतो तेव्हा मागे बसून बघते तेवढंच. पण १९७८ ते ८२ कॉलेजकडून खेळले आहे, सिमेंटच्या कोर्टवर. तेव्हा तुमच्या त्या तीन गुणांच्या रेषा नव्हत्या. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) ती १९८४ ला आणली, तोवर मी डोंबिवलीला सासरी. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असायचे आणि शॉट मारायला २४ नाही, ३० सेकंद.

तुमचं वर्णन वाचून एक विचारते. चेंडू हातात आल्यावर तुम्ही काय करता? पळता ना?

कोथरूडचा_बाबा | रविवार, संध्याकाळी ६:००

ताई, पळतोच की. आर-टू दाबलं की जोरात पळतो. मी ते सोडतच नाही. पोरगाही सारखा ओरडतो, "बाबा, आर-टू सोड ना!" मला वाटायचं मी जोरात पळतोय म्हणून त्याची जळतेय.

जुनी_पॉइंट_गार्ड | रविवार, संध्याकाळी ६:४०

वाटलंच. मग बटणं बाजूला ठेवा आणि नीट ऐका.

जोरात पळणाऱ्या माणसाचा चेंडू त्याच्यापासून लांब उसळतो. तो समोरच्याच्या हाताशी येतो, तुमच्या नाही. पळून दमलेल्याचा शॉटही आखूड पडतो, तो रिंगपर्यंत पोचतच नाही. आमचे सर पहिले पंधरा दिवस आम्हाला चेंडू घेऊन फक्त चालायला लावायचे. डोकं वर, चेंडू खाली, चाल. कुणी धावली की कोर्टला एक फेरी. आणि गंमत म्हणजे ती फेरी पळत मारायची.

अर्ध्या रेषेपलीकडे जायला पुरेसा वेळ असतो. (आमच्या वेळी १० सेकंद, आता ८ म्हणे.) चालत जा. चार साथीदार कुठे उभे आहेत ते बघा. पळायचं फक्त एकदा, जेव्हा समोर फट दिसते तेव्हा, दोन पावलं.

बचावात चोरी करायला हात घालू नका. हात घातला की तोल गेला, तोल गेला की तो बाजूने गेला. त्याच्या आणि रिंगच्या मध्ये उभं राहायचं, बास. आणि बघायचं कुठे, तर पोटाकडे. डोळे फसवतात, चेंडू फसवतो, खांदे फसवतात. पोट जिकडे जातं तिकडे माणूस जातो.

इतिहासाचा_तास | रविवार, रात्री ९:१५

ताईंना दंडवत.

अवांतर: त्या २४ सेकंदांचा उगम मजेदार आहे. पूर्वी आघाडी मिळाली की संघ चेंडू धरून बसायचे. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्याचा स्कोअर आहे तो, एनबीएतला सर्वांत कमी! शेवटी १९५४ मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी तोडगा आणला. बघण्यालायक सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, भागाकार केला की २४.

म्हणजे धागाकर्त्यांचे ११ गुण तसे ऐतिहासिक परंपरेला धरूनच आहेत.

सदाशिव_पेठेतला | रविवार, रात्री ९:३०

सगळं ठीक, पण पुण्यात हा खेळ कोण खेळतं? आपल्याकडे क्रिकेट आणि पार्किंग.

जुनी_पॉइंट_गार्ड | रविवार, रात्री ९:५०

डेक्कन जिमखान्यावर संध्याकाळी एकदा डोकावून या. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच.

सदाशिव_पेठेतला | रविवार, रात्री ९:५२

शब्द मागे घेतो. पार्किंगबद्दलचा नाही.

कोथरूडचा_बाबा | मंगळवार, रात्री ११:३०

अपडेट. काल बुधवार पेठेत जाऊन स्टिक बदलून आणली. दुकानदाराने भिंग डोळ्याला लावून जुना भाग काढला आणि मला दाखवला, नखाएवढा हिरवा ठोकळा, आत काळ्या पट्टीवर बरोब्बर मधोमध पांढुरका ओरखडा. एवढ्याशा ओरखड्याने माझा माणूस मैदानाबाहेर जात होता.

टीव्ही 'गेम मोड'वर टाकला. रंग जरा फिके झाले म्हणून आईची तक्रार आली, तिच्या सिरियलच्या वेळी परत बदलून देतो.

काल रात्री पोरगा झोपल्यावर आवाज बंद करून सराव केला. संघ डेन्व्हर. निकोला योकिच घेतला, कारण तो माझ्याच वेगाने पळतो. शंभर शॉट मोजून मारले. पहिल्या वीसमध्ये तीन आत, शेवटच्या वीसमध्ये नऊ. हिरवं झालं (म्हणजे शॉट अगदी वेळेवर सुटला) की छातीत काहीतरी होतं राव.

आज सामना: ४९-२२. आर-टूवरचं बोट मुद्दाम काढून कंट्रोलरच्या खाली ठेवलं होतं. पहिल्या क्वार्टरला चेंडू दोनदाच गेला! पोरगा म्हणाला, "बाबा, तू आजारी आहेस का?"

बचाव मात्र अजून भगदाड आहे. तो चेंडू इकडून तिकडे फिरवतो आणि मी गरागरा फिरतो. पोटाकडे बघायचं हे कळलं, पण दाबायचं काय?

हिंजवडी_फेज_थ्री | बुधवार, दुपारी १२:२०

एल-टू धरून ठेवा, खेळाडू वाकून समोर पाय सरकवायला लागेल. तो शॉटला उठला की उजवी स्टिक वर, म्हणजे हात वर. उडी मारू नका. चौकोन म्हणजे चोरी, त्याला बचावात हात लावायचा नाही, फाउल बसतात. पण खरं सांगू? नवख्याने चेंडूवाल्यावर जाऊच नये. फुली दाबून दुसरा खेळाडू घ्या, रिंगजवळचा उंच माणूस, आणि तिथे पहारा द्या. चेंडूवाल्याला कॉम्प्युटर बघेल, तो चुकत नाही.

जुनी_पॉइंट_गार्ड | बुधवार, दुपारी ३:००

हे काय? समोरच्या माणसावर दुसऱ्याला पाठवून आपण मागे उभं राहायचं? आमच्या सरांनी बसवलं असतं बाहेर, पूर्ण मोसम.

हिंजवडी_फेज_थ्री | बुधवार, दुपारी ३:१५

आजी, प्रत्यक्षात मागचा माणूस स्वतःच्या डोक्याने हलतो. इथे मागच्याला कॉम्प्युटर हलवतो, म्हणून माणसाने मागे राहायचं.

जुनी_पॉइंट_गार्ड | बुधवार, दुपारी ३:२२

आजी फक्त नातवाने म्हणायचं. आणि शिकायचं असेल तर मार खाल्ल्याशिवाय समोरच्याचं पोट वाचता येत नाही.

वरळीत_पाहिलेला_सामना | बुधवार, रात्री ८:४०

दोघांच्या मध्ये पडतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन सराव सामने मुंबईत झाले होते, किंग्ज विरुद्ध पेसर्स. पहिल्याला मी वरळीच्या डोममध्ये होतो, जादा वेळेत जाऊन १३२-१३१ असा पेसर्सनी जिंकला. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो, म्हणून वाटतं सगळे अखंड धावताहेत. प्रत्यक्षात निम्मा वेळ चालत येतात. एक जण तर अर्ध्या मैदानापर्यंत रिक्षाची वाट बघितल्यासारखा आला आणि तिथून दोन पावलांत सुसाट. त्या दोन पावलांआधी एक दांडगा साथीदार मध्ये येऊन उभा राहिला होता. सगळी मेख तिथे होती.

धागाकर्ते, असं वाटेत उभं राहून अडवण्याला पिक म्हणतात, तो शिका. बाकी मग बघू.

हिंजवडी_फेज_थ्री | बुधवार, रात्री ९:३०

हो, हे आधीच सांगायला हवं होतं. एल-वन दाबून धरा. उंच खेळाडू येऊन पोराच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहील. त्याच्या बाजूने निघा. पोराचा माणूस भिंतीत अडकला तर समोर मोकळं, शॉट घ्या. भिंत झालेल्या उंच खेळाडूला राखणारा पोराचा दुसरा माणूस तुमच्यावर धावून आला तर तुमचा उंच माणूस एकटा रिंगकडे निघालेला असेल. आर-वन दाबलं की प्रत्येक साथीदाराजवळ एकेक बटण दिसतं, त्याचं बटण दाबा, चेंडू थेट त्याच्याकडे. डेन्व्हर घेतलंय ना? जमाल मरे आणि योकिच दोघंच पुरे, बाकी तिघांना कोपऱ्यात उभं राहू द्या.

जुनी_पॉइंट_गार्ड | बुधवार, रात्री ९:४५

आणि भिंतीपासून लांबून जाऊ नका. खांद्याला खांदा घासला पाहिजे, मधून वारा जाता कामा नये. फट ठेवलीत तर तिथून तो येणारच.

चकलीचा_घाणा | गुरुवार, सकाळी ११:००

कुणी सुचवलं नाही म्हणून मी सांगते. रोज समोरासमोर बसून मार खाण्यापेक्षा एक दिवस दोघं एकाच बाजूला खेळा, कॉम्प्युटरविरुद्ध. पोरगा शिकवेल. माझ्या नवऱ्याने मुलीबरोबर असंच केलं. दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी मला न विचारता पिझ्झा मागवला.

कोथरूडचा_बाबा | शुक्रवार, रात्री १२:१५

घाणाताई, खरंतर माझ्या मनात नव्हतं. पण काल पोरालाच विचारलं, "एका बाजूने खेळूया का?" तर लगेच सरकून सोफ्यावर जागा करून दिली.

काठिण्य रूकीवर टाकायला गेलो तर म्हणाला, "प्रो वर खेळू, मी आहे." तो मरे, मी योकिच. मी भिंत. पहिल्यांदा भिंत होऊन बघितल्यावर कळलं की हालचाल न करणं किती अवघड असतं! मी दोनदा सरकलो, दोनदा ऑफेन्सिव्ह फाउल. "बाबा, उभा राहा. फक्त उभा राहा." तिसऱ्यांदा उभा राहिलो. त्याचा माणूस माझ्यावर आपटला, तो बाजूने गेला, दोघं त्याच्यावर धावले आणि त्याने न बघता चेंडू माझ्याकडे टाकला. मी रिंगखाली एकटाच. घाबरून भलतंच बटण दाबलं आणि चेंडू प्रेक्षकांत गेला. तो इतका हसला की कंट्रोलर खाली पडला. (नवा दुरुस्त केलेला. वाचला.)

चौथ्यांदा आत टाकला. ५१-४४ ने जिंकलो आम्ही.

बचावाचंही सांगतो, दोन्ही पक्ष ऐकून घ्या. त्याच्याविरुद्ध खेळताना ताईंचं करून पाहिलं. एल-टू धरला, चौकोनाला हात लावला नाही, नजर पोटावर. तो फिरवाफिरवी करत राहिला, मी जागचा हललो नाही, त्याचे १९ सेकंद वाया गेले आणि त्याला वाकडातिकडा शॉट मारावा लागला. पण त्याने पिक मागवला की मी भिंतीत अडकतो, तिथे फेज-थ्रीचं मागे राहणंच चालतं. म्हणजे एकटा आला तर ताई, दुकटा आला तर फेज-थ्री.

सदाशिव_पेठेतला | शुक्रवार, सकाळी ७:३०

स्कोअर?

कोथरूडचा_बाबा | शुक्रवार, सकाळी ७:४१

४१-३०. अकराने हरलो. एकच गुण जास्त, पण तो मोजतात.

जुनी_पॉइंट_गार्ड | शनिवार, दुपारी ४:१०

छान चाललंय. फ्री थ्रो चुकवताय का? ते कुणी विचारतच नाही. समोर कुणी नसताना मिळालेले गुण सोडायचे नसतात.

कोथरूडचा_बाबा | रविवार, रात्री १०:५५

उद्या शाळा. आज शेवटचा सामना, तसं बजावूनच बसलो. ताईंचं ऐकून दुपारी फ्री थ्रोचा सराव केला होता. सहापैकी पाच टाकले.

शेवटची ९ सेकंदं, ३७-३६, तो पुढे. चेंडू माझ्याकडे. चालत आणला. (हो, ९ सेकंद असताना चालत. पोरगा अक्षरशः उठून उभा राहिला.) एल-वन. योकिच आला. खांदा घासून गेलो, वाराही जाऊ दिला नाही. त्याचा माणूस अडकला, फ्री थ्रोच्या रेषेवर मरे एकटा. चौकोन धरला.

सोडला.

'स्लाइटली अर्ली'. रिंगच्या आतल्या कडेला लागून चेंडू बाहेर.

एकाने हरलो. पोरगा काही बोलला नाही, दप्तर भरायला गेला. दारातून परत आला आणि म्हणाला, "बाबा, अर्ली आला. लेट नाही." आई आतून, "झोपा आता!"

हिंजवडी_फेज_थ्री | रविवार, रात्री ११:०२

आठ दिवसांत व्हेरी लेटवरून स्लाइटली अर्ली! बाबा, घाई झाली फक्त. टीव्ही आता बरोबर आहे, हात सुधारायचा राहिलाय.

जुनी_पॉइंट_गार्ड | रविवार, रात्री ११:२०

नातवाकडून कंट्रोलर मागून घेतलाय. तो झोपलाय, विचारायला कुणी नाही. पास द्यायची फुली यातली कुठली? चष्म्यातूनही सगळं सारखंच दिसतंय.

कोथरूडचा_बाबा | रविवार, रात्री ११:२१

ताई, उजव्या अंगठ्याखाली चार आहेत ना, त्यातली सगळ्यात खालची. आणि मागचं आर-टू आहे त्याच्यावर बोट ठेवू नका.